पुंगळी काढलेला माणूस

दादा दिसण्याच्या आधी ऐकू येतो. रविवारी सकाळी तो वाईच्या पुलावर असतो तेव्हा गंगापुरीला कळतं, आणि पसरणी घाटाच्या पहिल्या वळणाला लागला की पाचगणीच्या एसटीतले प्रवासी झोपेतून उठून मागं बघतात. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. गॅरेजात, मित्रमंडळींत आणि दांडेघर नाक्यावर तो दादाच. असा एक दादा विट्याला आहे, एक इस्लामपुरात आहे, कऱ्हाडला तर गल्लीगणिक आहेत. सगळ्यांची बुलेट काळी, सगळ्यांच्या सायलेन्सरची पुंगळी काढलेली आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: "आता पहिल्यासारखा आवाज राहिला नाही, राव."

हे 'पहिल्यासारखं' नक्की कधीचं, यावर मात्र घरातच एकमत नाही. दादाच्या वडिलांच्या मते ते 2010 च्या आसपास संपलं. तोवर मद्रासहून येणाऱ्या बुलेटला बिडाचं इंजिन होतं, गिअर उजव्या पायाला होता. चालू करायची म्हणजे डीकॉम्प्रेसर दाबायचा, अँपिअरचा काटा मधोमध आणायचा आणि मग किक. अंदाज चुकला तर गाडीच उलटी लाथ घालायची. ज्याची नडगी कधी सुजली नाही त्यानं बुलेट चालवली, असं वडील धरतच नाहीत. पुढं ते इंजिन गेलं, ॲल्युमिनियमचं आलं, गिअर डाव्या पायाला गेला आणि वडिलांनी सुतक पाळलं. दादाला मात्र ते ॲल्युमिनियमचंच इंजिन अस्सल वाटतं, कारण तो त्याच्यावर शिकला. त्याच्या हिशेबानं जग बुडालं 2020 साली. आधी बीएस-सिक्स आलं, पाठोपाठ बॅलन्सर शाफ्टवालं नवं इंजिन आलं आणि हँडल थरथरायचं थांबलं. दादाचा पुतण्या 2023 ची बुलेट चालवतो, तीच त्याची 'पहिली'. कंपनीनं 2024 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात बॅटरीवरची 'फ्लाइंग फ्ली' दाखवली, तेव्हापासून तोही उसासे टाकायला लागलाय.

पुतण्याची गाडी घ्यायला दादा शोरूममध्ये गेला होता. म्हणाला, "चालू तर करून दाखवा."

"चालूच आहे, सर."

दादा गुडघ्यावर बसला, सायलेन्सरपाशी कान नेला आणि उठून पुतण्याकडं बघत म्हणाला, "लका, ही बुलट हाय का शिलाई मशीन?"

त्याच्या दुःखात शास्त्र आहे, हे मान्य करायला हवं. जुन्या बुलेटला एकच सिलिंडर, 346 सीसीचा, आणि त्यातल्या पिस्टनची धाव चांगली 90 मिलिमीटर. क्रँक दोनदा फिरावा तेव्हा एक स्फोट. वर जड फ्लायव्हील, त्यामुळं इंजिन हळूहळू चालतं तरी बंद पडत नाही आणि एकेक ठोका सुटा ऐकू येतो. भक्तमंडळी याला 'फायरिंग' म्हणतात. "काय फायरिंग हाय!" ही आमच्याकडं गाडीला मिळणारी सर्वोच्च पदवी. सायलेन्सरच्या आत भोकाभोकांची नळी असते, पडदे असतात. धुराबरोबर आलेल्या आवाजाच्या लाटा तिथं एकमेकींवर आपटतात आणि दमून बाहेर पडतात. ती नळी म्हणजे पुंगळी. ती काढली की लाटा न दमता बाहेर येतात. ज्यांना एवढ्यानं भागत नाही, त्यांच्यासाठी बाजारात शॉर्ट बॉटल आहे, लाँग बॉटल आहे, गोल्डस्टार, इंदोरी, पंजाबी आहे. रस्त्यावरून कोणती गाडी गेली हे दादा घरात पाठ करून बसला तरी सांगतो. कंपनीचा मूळ सायलेन्सर माळ्यावर असतो, दिवाळी अंकाच्या कागदात गुंडाळलेला. आरटीओत काम निघालं की तो खाली येतो, दिवसभर गाडीला लागतो आणि संध्याकाळी परत माळ्यावर जातो.

गंमत अशी की हा आवाज सगळ्यात कमी ऐकू येतो तो दादाला. धुराड्याचं तोंड मागं, दादा पुढं, डोक्यावर हेल्मेट आणि कानाशी वारा. सगळी मिळकत मागच्यांच्या वाट्याला जाते. म्हणून त्याला घाट लागतो. पसरणीत एका बाजूला कातळ असल्यानं आपला थोडा आवाज आपल्याला परत मिळतो. आणि म्हणूनच त्याला महाबळेश्वरचा एको पॉइंट प्रिय. केट्स पॉइंटपाशी, खाली धोमचं पाणी दिसतं ते ठिकाण. तिथं पर्यटक आपापल्या बायकांची नावं घेऊन दरीत हाका मारतात. गाडी कठड्यापर्यंत नेता येत नाही, ही दादाची अडचण. त्यावर तोड निघाली ती अशी: दादा पार्किंगमध्ये उभा राहून ॲक्सिलेटर पिळतो आणि एक मित्र कठड्याशी उभा राहून फोनवर कळवतो, "आला, आला! परत आला!"

उतारावर चावी बंद करून पुन्हा चालू करायची, म्हणजे न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन फुटतं. हे 'फटाके' वेण्णा तलावाच्या घोड्यांना माहीत झाले आहेत आणि घोडेवाल्यांना त्याहून जास्त. पाचगणीच्या शाळांपुढून तो जातो तेव्हा वर्गातल्या मुलांना मात्र तो आवडतो. गणिताच्या तासाला बाहेरचा कुठलाही आवाज चालतो. इतका दूर, दर रविवारी, कशासाठी जातोस, असं मी एकदा विचारलं.

"शांतता असते हो वर," दादा म्हणाला. "डोकं हलकं होतं."

महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 साली केंद्र सरकारनं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. दादाला त्याचा अभिमान आहे. झाडं तोडणाऱ्या बिल्डर लोकांवर तो मॅप्रोच्या बागेत सँडविच खाताना फार तळमळून बोलतो. माथेरानसारखी गाड्यांना बंदी इथं नाही, हेही त्याला पर्यावरणाचं यशच वाटतं.

त्याला एकटा समजू नका. त्याचे भाऊबंद साता समुद्रांपलीकडं आहेत. अमेरिकेत मातीच्या गोल ट्रॅकवर गाड्यांच्या शर्यती होतात. शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून गाड्यांना मफलर लावायला सांगितलं की तिथले दादा तिकीट परत मागायच्या बेतात येतात. फॉर्म्युला वनमध्ये 2014 साली नवी हायब्रिड इंजिनं आली, आवाज बसला आणि मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीनंतर आयोजकांपासून प्रेक्षकांपर्यंत सगळे कुरकुरले. तेव्हा त्या श्रीमंत खेळातल्या इंजिनिअरांनी काय करावं? बार्सिलोनाच्या चाचणीत गाडीच्या धुराड्याला मागं भलं मोठं कर्ण्याचं तोंड जोडून पाहिलं. आवाज काही फारसा वाढला नाही. वाईतला कुठलाही मिस्त्री त्यांना पुंगळी काढा म्हणून सांगता. हार्ले-डेव्हिडसननं तर 1994 मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजावर ट्रेडमार्क मागितला होता आणि सहा वर्षं झगडून 2000 मध्ये अर्ज मागं घेतला. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आवाज नोंदवायचा कशाला? गाडी आणून लावायची तहसील कचेरीपुढं."

कायदा आहेच. 175 सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना 80 डेसिबलची मर्यादा आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडानं दादा वठणीवर येत नाही. पावती तो पाकिटात जपून ठेवतो आणि चारचौघांत दाखवतो. हा स्वभाव पोलिसांना बरोबर कळलेला दिसतो, म्हणून तर जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यावरून रोडरोलर फिरवायची पद्धत आपल्याकडं शहरोशहरी रूढ झाली. यंदा दादाचा पंजाबी त्या ओळीत होता. दादा स्वतः गेला होता. फोटोग्राफरच्या मागं उभं राहून त्यानं तिसऱ्या नंबरचा आपला सायलेन्सर ओळखला. रोलर वरून गेला तेव्हा शेवटचा आवाज बारीक आला, असं म्हणाला.

माळ्यावरचा सायलेन्सर खाली उतरला तो आता कायमचा. पहिला फटका घरातच बसला. गाडी पुलावर ऐकू आली की वहिनी गॅस पेटवायच्या आणि दादा दारात बूट काढेपर्यंत चहा गाळलेला असायचा. आता दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा आणि ओटा कोरडा. वहिनी दचकल्या. "असं चोरासारखं काय येता हो?" आतल्या खोलीत आई फोनवर मावशीला सांगत होती, "दोन दिवस झाले, बाई, कशी झोप लागतीय! गाडी बिघडली असंल त्याची. देवानं ऐकलं." शेजारच्या काकांनी तर दारातच विचारलं, "विकली का रे? कितीला?"

तिसऱ्या दिवशी दादा गॅरेजात दिसला. तोंड उतरलेलं.

"गाडीतनं आवाज येतोय," तो मिस्त्रीला म्हणाला.

मिस्त्री बसून एक चक्कर मारून आला. टॅपेट वाजतायत, चेन सैल आहे, मागच्या मडगार्डचा एक बोल्ट नाही आणि साइड बॉक्सचं झाकण खडखडतंय, असा जबाब त्यानं दिला.

"पण हे सगळं एकदम कसं झालं?"

"एकदम कुठलं, दादा. चार-पाच वर्षं झाली असतील."

दादानं एकवार गाडीकडं, एकवार मिस्त्रीकडं पाहिलं. "ते काय मला सांगू नको. आजच्या आज सगळं बंद कर. डोकं उठतंय नुसतं."