फोटोचाच फोटो

रोजगार हमीच्या हजेरीचा प्रश्न सरकारने ज्या नजाकतीने सोडवला, तिचे कौतुक व्हावे तेवढे थोडेच. १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा, स्थळ-वेळेच्या नोंदीसह फोटो सक्तीचे झाले. परभणी जिल्ह्यात पालमच्या पांदण रस्त्यावर घमेले घेऊन ओळीने उभ्या केलेल्या बाया असोत की जिंतूरकडचे गडी, सगळे सर्व्हरवर. ढिगाने फोटो जमले. त्यांत काय दिसते, एवढी क्षुल्लक चौकशी तेवढी कोणी केली नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच पत्रक काढून कळवले: भलतेच फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढला जातो, हजेरीपटावरचे बाया-बाप्यांचे आकडे चित्राशी जुळत नाहीत.

आता, कपाशीवरच्या बोंडअळीचा फोटो पाठवला तर तिला ओळखणारी यंत्रणा याच सरकारकडे १५ ऑगस्ट २०२४ पासून आहे. पण मजूर म्हणजे काही अळी नव्हे. त्याच्यासाठी उपाय अधिक मानाचा निघाला: ग्रामपंचायतीने शंभर टक्के फोटो स्वतःच्या डोळ्यांनी तपासावेत.

आमची एक नम्र पुरवणी. तपासणाऱ्याचाही सकाळ-दुपार फोटो घ्यावा, तो तपासायला तालुक्याला माणूस नेमावा, त्या माणसाचा फोटो परभणीला पाहिला जावा. अख्खा जिल्हा एकमेकांचे फोटो तपासू लागला की मागेल त्याला काम मिळालेच. पांदण रस्ता तेवढा राहील. पण त्याचा फोटो आहे.