सोसायटीच्या संगणकीकरणाची व्याप्ती: संचालक मंडळासाठी सूचना

किन्हीराजा (ता. मालेगाव, जि. वाशीम) किंवा तशाच कोणत्याही गावच्या सेवा सहकारी सोसायटीत संगणक उतरला की पहिले काम व्याप्ती ठरवण्याचे. केंद्राने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० सोसायट्यांसाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. सॉफ्टवेअर सगळ्यांना एकच, नाबार्डमार्फत. म्हणजे व्याप्ती वरच ठरलेली आहे. तरी सभा घ्यावी. चहा सांगावा.

“याच्यात तुरीचा भाव दिसते का भाऊ?” असे कोणी विचारल्यास नाही म्हणू नये, ‘दुसऱ्या टप्प्यात’ म्हणावे. खताचा साठा, रेशन, गोदाम, गाळ्याचे भाडे, सगळे दुसऱ्या टप्प्यात. तो टप्पा कधी, हे इतिवृत्तात येऊ देऊ नये. पहिल्यात फक्त पीककर्ज ठेवावे, कारण ते सोपे असते असा समज आहे.

जुन्या रजिस्टरात सभासद मयत असतो, कर्ज जिवंत असते आणि सातबारा तीन मुलांच्या नावे झालेला असतो. हा गुंता सोडवणार गटसचिव, ज्याच्या गळ्यात आणखी दोन-तीन सोसायट्या आहेत. व्याप्तीच्या कागदात मात्र ‘जुन्या माहितीची नोंद’ एवढेच लिहावे. निम्म्याहून अधिक काम त्याच ओळीत दडलेले असल्याने ती शेवटच्या पानावर, सह्यांच्या जरा वर टाकावी. तिथे कोणी वाचत नाही.

‘नवे-जुने’ हे जपून हाताळावे. मुदतीत फेडलेले ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज पंजाबराव देशमुख योजनेमुळे बिनव्याजी पडते. म्हणून मार्चअखेर कोणी अडत्याकडून, कोणी साडूकडून चार दिवसांसाठी पैसे उचलतो, कर्ज भरतो, नवे घेतो आणि साडूचे साडूला देतो. किर्दीत हे सारे निमूट बसते. शिकवायला आलेला शहरी पोरगा मात्र पडद्यावर बोट ठेवून विचारतो, “हे पैसे आले कुठून?” हा प्रश्न व्याप्तीबाहेरचा आहे, असे त्याला नम्रपणे सांगावे. पटले नाही तर जिल्हा बँकेकडे पाठवावे. जिल्हा १९९८ ला वेगळा झाला, बँक अजून अकोल्याचीच आहे. तेवढा दिवस मोकळा मिळतो.

सुरुवातीला हाताची किर्द आणि संगणक दोन्ही चालवावे. फरक निघाल्यास किर्द खरी धरावी. एका पैशाचाही फरक निघाला नाही, तर सचिवाने रात्री बसून किर्दीवरूनच सगळे उतरवले असे समजावे आणि त्याचा चहा मंजूर करावा.