एकरी एक मोबाइल

जानेवारी 2024 मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस 24 अल्ट्रा आला. किंमत 1,29,999 रुपये. पुण्या-मुंबईचे परीक्षक प्रोसेसरचा वेग मोजत बसले. बारामती-इंदापुरात हिशेब उसात होतो. त्या हंगामाची एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) टनाला 3,150 रुपये, म्हणजे फोन 41 टनांना पडला. तोही तोडणी-वाहतूक कापण्याआधीच्या भावानं!

वैशिष्ट्यं मात्र तालुक्याला साजेशी. शंभर पट झूम : भिगवणला उजनीच्या फुगवट्यातले रोहित पक्षी होडीचं भाडं वाचवून काठावरूनच टिपावेत. आयपी 68 म्हणजे दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास तग. मे महिन्यात तेवढं पाणी काठाला उरलं, तर चाचणीही घेता येईल. कॅमेरा 200 मेगापिक्सेलचा, पण खरी कसोटी टॉर्चची. शेतीपंपाची वीज रात्रीची असली, की मोटर चालू करायला बांधावरून तोच पुढे चालतो.

कंपनी सात वर्षं अपडेट देणार म्हणते. ऊस नियंत्रण आदेश तर 1966 चा; 14 दिवसांत बिल द्या म्हणतो. वायदे दोन्ही भारदस्त. मुदत फक्त फोनचा हप्ता पाळतो.