एल-शेप सोफा आणि दहा बाय बाराची खोली

मुंबईत नव्या धर्तीचं फर्निचर कुठे घ्यावं, असं कोणी विचारलं की त्याला आधी उलट विचारावं, ठेवणार कुठे? पण हे सहसा कोणी विचारत नाही. दुकानदाराला माल विकायचा असतो, नातेवाइकांना येऊन बसायचं असतं आणि ज्याने स्वतःला विचारायला हवं त्या गृहस्थाच्या हातात मोबाइल असतो. मोबाइलमध्ये कुठल्याशा थंड देशातल्या दिवाणखान्याचा फोटो. पांढरी भिंत, राखाडी सोफा, एक कुंडी आणि सोफ्याच्या चहूबाजूंनी चार-चार फूट मोकळी जमीन. गृहस्थ म्हणतो, सोफा झकास आहे. सोफा बरा आहे. झकास आहे ती जमीन. आणि तेवढा एक माल सोडला तर मुंबईच्या फर्निचर बाजारात सगळं मिळतं.

तरी निघायचंच असेल तर तुर्भ्यापासून निघावं. आयकियाचं तिथलं दुकान डिसेंबर 2020मध्ये उघडलं. आकार सुमारे 5 लाख 30 हजार चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला 300 चौरस फुटांचं घर मिळतं. म्हणजे जिने-बोळ हिशेबात न धरता या एका दुकानात साडेसतराशे संसार आरामात मांडता येतील. एवढ्या जागेत काय मांडलंय? तर लहान घरात कसं राहावं याचे नमुने. भिंतीतून उलगडणारं टेबल, पलंगाखालचे खण, दारामागे अडकवायच्या पिशव्या. लोक बघतात आणि माना डोलावतात. दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं, एक शिलाई मशीन, दीड दिवसाचा गणपती आणि गावाहून औषधपाण्यासाठी आलेले चुलतदीर एवढ्यांची सोय लावणाऱ्या लालबागच्या आजीला या कामी सल्लागार म्हणून कोणी बोलावलेलं दिसत नाही. तिचं मानधन परवडलं नसतं.

आत जमिनीवर बाण काढलेले आहेत. मंगळवारच्या सिद्धिविनायकाच्या रांगेसारखं, एकदा शिरलं की सगळी वळणं घेतल्याशिवाय सुटका नाही. त्यामुळे कपाट घ्यायला गेलेला माणूस साधारणपणे सुगंधी मेणबत्त्या, झाकणाचे डबे आणि एक कापडी शार्क मासा घेऊन बाहेर पडतो. मध्ये जेवायची सोय असते, तिथे मात्र कोणाचा निर्णय अडत नाही. ज्यांनी खरोखर कपाट घेतलं त्यांच्या हाती फळ्या, स्क्रू, एक वाकडा पाना आणि चित्रांचं एक पुस्तक पडतं. पुस्तकात एक गोल डोक्याचा माणूस हसत हसत कपाट जोडत असतो. त्याला ट्रेन पकडायची नसते.

सुटे भाग खोक्यात घालून विकायच्या या युक्तीचं आपल्याकडे फार कौतुक चालतं. आयकियाने टेबलाचे पाय सोडवून खोक्यात घातले ते 1956च्या सुमारास. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी, 1859मध्ये, व्हिएन्नाच्या मिशाएल टोनेटने 14 नंबरची खुर्ची काढली होती. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. एक मीटर लांब, रुंद, उंच खोक्यात अशा 36 खुर्च्या मावत. त्याच घराण्यातल्या, वाफेने वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या पुढे इराण्याच्या हॉटेलात आल्या आणि त्यांच्यावर बसून मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या ब्रून मस्का खाल्ला. ‘काय डिझाइन आहे!’ असं तेव्हा कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. म्हणत होते ते एवढंच, की एका चहावर दोन तास बसू नका. इराणी एकेक करत बंद पडले आणि खुर्चीला रूप आलं.

आता तिच्या नातेवाइकांना भेटायचं तर लोअर परळला जावं लागतं. रघुवंशी मिलच्या आवारात घरसजावटीची दुकानं एकाला लागून एक आहेत. या भागातल्या जुन्या गिरण्यांच्या उघड्या विटा, लोखंडी तुळया, उंच छप्पर जिथे शिल्लक आहे तिथे हौसेने तसंच ठेवतात, त्याला ‘इंडस्ट्रियल लुक’ म्हणतात. हा लुक फुकट आलेला नाही. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले पुष्कळसे परत कधी आत गेलेच नाहीत. त्यांच्या नातवंडांना आता आत जायची पूर्ण मुभा आहे. फाटकावर कोणी पास विचारत नाही, कामावर उशीर झाला म्हणून कोणी परत पाठवत नाही. आपणही फक्त किंमत विचारायची नाही. इथे विचारतात ते दुकानवाले: “सर, बजेट काय ठेवलंय?” आपण आकडा सांगितला की ती मुलगी अतिशय आदबीने आपल्याला उशांच्या विभागाकडे नेते.

तिथे जाताना वाटेत एक टेबल लागतं. नवं कोरं, पण अंगावर ओरखडे, कडा झिजलेल्या, रंग उडालेला. हे सगळं कारखान्यात मुद्दाम केलेलं असतं आणि त्या मेहनतीचे जादा पैसे पडतात. गिरणीच्या साचेखात्यात तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाच्या घरच्या टेबलावर असे ओरखडे आपोआप उठत. त्याला त्याबद्दल कधी कोणी भत्ता दिला नाही.

आणि एक खुर्चीही इथे हटकून भेटते: साग, वेताची पाठ, व्हीसारखे तिरके पाय. ही चंदीगडची. ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांनी 1950च्या दशकात तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी ती घडवली. कारकुनांनी तिच्यावर बसून फायली दाबून ठेवल्या, वेत फाटला, पाय डुगडुगले आणि सरकारने सरकारी पद्धतीने ती गच्चीवर टाकली. मग लिलावात भंगार म्हणून विकली. घेणाऱ्यांत परदेशी व्यापारी होते. त्यांनी ती पुसली आणि पॅरिस-लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावांत तिला लाखांनी बोली लागली. तेव्हा कुठे आपल्याला ती देखणी असल्याचं कळलं आणि 2011मध्ये केंद्रीय गृह खात्याने अशा वारसा फर्निचरच्या विक्रीला आणि निर्यातीला मनाई केली. आता तिच्या नकला दुकानात आहेत. त्या बघून पुष्कळ मराठी माणसांना आपल्या आजोबांच्या खुर्चीची आठवण येते, जी कधीतरी भंगारवाल्याला दिली आणि तिच्या जागी प्लास्टिकच्या चार आणल्या, धुवायला सोप्या म्हणून.

लोअर परळला उशी घेऊन आणि बाकीच्याचे फोटो काढून झाले की मध्य रेल्वेने उल्हासनगर गाठावं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून हे गाव उभं राहिलं आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबईत आजोबांपासून नातवापर्यंत उतरत आलेला आहे. मला मात्र इथल्या दुकानदारांबद्दल मनापासून आदर आहे. ते कॉफी विचारत नाहीत, लाकडाची कहाणी सांगत नाहीत. मोबाइलमधला फोटो दोन बोटांनी मोठा करतात, नजर बारीक करतात आणि म्हणतात, “हो जाएगा. कलर कौनसा?” आठ-दहा दिवसांत इटली टेम्पोतून उतरते. थोडे फरक असतात. राखाडीचा किरमिजी होतो, पायांना सोनेरी टोप्या येतात आणि पाठीवर आपण न मागितलेली बटणं असतात. विचारलं तर उत्तर तयार असतं, “बटन के बिना सोफा नंगा लगता है, साहब.” किंमत ऐकून आपण बटणांना मान्यता देतो.

जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या बाजारात जुनं सामान मिळतं, नवं मिळतं आणि आदल्या आठवड्यात एखाद्या मालिकेतल्या खाष्ट सासूने ज्यावर बसून कारस्थान रचलं तो झोपाळाही मिळू शकतो. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर अठराव्या शतकातलं टेबल मिळतं आणि त्याची जोडी हवी असेल तर सोमवारपर्यंत करून मिळते. फक्त शुक्रवारी जाऊ नये, दुकानं बंद असतात. घरबसल्या घेणाऱ्यांसाठी इंटरनेट आहेच. तिथे 89,999 रुपये खोडून बाजूला 34,999 लिहिलेलं असतं. खोडलेल्या किमतीला तो सोफा घेतलेला प्राणी अजून कोणाला भेटलेला नाही. लाकडाचा चुरा आणि राळ दाबून केलेल्या फळीला तिथे ‘इंजिनिअर्ड वूड’ म्हणतात. आपल्या समाजात इंजिनिअर म्हटल्यावर पुढे चौकशी करायची पद्धत नाही.

असो. सोफा घेतला. आता तो घरी न्यायचा.

दुकानात फक्त पैसे लागतात, सोसायटीच्या फाटकावर चारित्र्य लागतं. टेम्पो तीन वाजता येतो आणि वॉचमन फलक दाखवतो: दुपारी दोन ते चार जड सामान वर नेण्यास सक्त मनाई आहे. सेक्रेटरींना फोन केला तर ते झोपेतून उठून विचारतात, एनओसी घेतली का? सामान हलवण्याची अनामत भरली का? मागचा मेंटेनन्स? मग सुरू होते लिफ्ट. बहुतेक इमारतींच्या लिफ्टचं दार आठशे मिलिमीटरच्या आसपास असतं आणि सोफा नऊ फुटी. हमाल सोफ्याकडे बघतात, लिफ्टकडे बघतात आणि मजल्यामागे दर सांगतात. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सोफा अडतो. सगळे शेजारी बाहेर येतात. प्रत्येकाला तो कसा वळवायचा ते माहीत असतं, कारण प्रत्येकाचा तिथेच अडकलेला असतो. “उभा करा, उभा!” “अहो, पाय काढा आधी!” उल्हासनगरचा असेल तर पाय आपोआप निघतात.

शेवटी तो दिवाणखान्यात येतो आणि दिवाणखाना दिसेनासा होतो. बाल्कनीचं दार अर्धंच उघडतं, देवघरापुढे एका वेळी एकालाच नमस्कार करता येतो. पहिले काही महिने त्यावर चादर असते, चादरीवर दुसरी चादर, ही धुवायला टाकली की ती. मग लांबच्या हातावर इस्त्रीचे कपडे मुक्कामाला येतात. आणि संध्याकाळी सगळं घर टीव्हीपुढे जमतं तेव्हा घरची मंडळी खाली सतरंजीवर बसतात आणि सोफ्याला पाठ टेकतात. दीड लाखाचा तक्क्या मी स्वतः अनेक घरांत पाहिला आहे.

हे आता आठवायचं कारण म्हणजे ऑगस्ट 2025मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी टॉवरमधल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली जागा आहे, ती एल-शेपला आंदण देऊ नये, एवढीच विनंती. चाळीतला तो लोखंडी पलंगही घाईने विकू नये. त्याच्या चार पायांखाली विटा सरकवून खाली ट्रंका, गहू, रजया आणि परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला एक मुलगा एवढं राहत होतं. हीच कल्पना आता शोरूममध्ये ‘हायड्रॉलिक स्टोरेज बेड’ म्हणून विकतात. मुलगा त्यात मावत नाही.

माझं मत विचाराल तर मुंबईच्या खोलीला मुंबईचा मिस्त्रीच पुरा पडतो. खांब भिंतीतून चार इंच पुढे आलेला असतो, खिडकी मधोमध नसते, मीटरची पेटी नको तिथे असते. हे कुठल्याही देशाच्या कॅटलॉगात नसतं आणि मिस्त्रीला आत पाऊल टाकताच दिसतं. कानामागची पेन्सिल काढून तो त्या खांबाभोवती कपाट बसवून देतो. त्याचे दोष मला माहीत आहेत. गणपतीआधी होईल म्हणतो आणि कुठले गणपती ते सांगत नाही. फेविकॉलच्या वासात महिना काढावा लागतो आणि भुसा नंतर पोह्यांतही निघतो. प्लाय आणायला मात्र त्याच्याबरोबर आपण जावं आणि फळीवर आयएस 710चा छाप आहे ना, ते स्वतः बघावं. स्वयंपाकघरात आणि ओल्या भिंतीला दुसरं काही टिकत नाही.

तरीही या रविवारी दुकानं पालथी घालायला निघणारच असाल तर खिशात मोजपट्टी ठेवा. आधी खोली मोजा, मग दार, मग जिन्याचं वळण, मग लिफ्ट. माप जमलं तरच पैसे द्या. आणि टेम्पोवाल्याला सकाळी अकराची वेळ सांगा, म्हणजे तो दीडला येईल आणि सेक्रेटरी झोपण्याआधी तुमचं काम होईल.