कॅमेरा लावला उंदरासाठी

आमच्या जालन्यातल्या एका किराणा दुकानदाराने कॅमेरा बसवला तो साखरेच्या पोत्याला भोकं कोण पाडतं ते बघायला. तेव्हापासून गल्लीत मोटारसायकल चोरीला गेली की लोक आधी त्याच्याकडे. शेठ, जरा मागं घेऊन दाखवा! पाव किलो शेंगदाणे मात्र कुणी घेत नाही. पोलीसही येतात, चहा पितात आणि पेन ड्राइव्हमध्ये घालून द्या म्हणतात. पेन ड्राइव्ह अर्थात शेठचाच.

खरं तर शेठची नजर असताना कॅमेऱ्याची गरजच काय? ऑगस्ट 2022 मध्ये आयकरवाले लग्नाची स्टिकरं चिकटवलेल्या गाड्यांतून वऱ्हाडी बनून शहरात शिरले. स्टीलवाल्यांवरच्या त्या छाप्यांत 50 कोटींहून जास्त रोकड सापडली. मोजायला 13 तास लागल्याचं छापून आलं. सगळे चकित. शेठ नाहीत. भर श्रावणात कसलं वऱ्हाड हो, मुहूर्त तरी होता का?

मग तेव्हाच का नाही बोललात?

"मला विचारलं कुणी? आणि गिऱ्हाईक काय, दोन्हीकडचं."

उंदीर अजून सापडलेला नाही.