अनुमोदक नाना

दुष्काळी पट्ट्यात लोकसहभागाची उंची साधारण साडेपाच फूट असते. अंगात पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं आणि दुसरं कुठल्याशा बियाणे कंपनीने दिलेलं. खांद्याला ज्यूटची पिशवी, आणि पिशवीवर पुण्यात कधीकाळी झालेल्या एका कार्यशाळेचं नाव. नगर-बीडच्या हद्दीवर या माणसाला नाना म्हणतात. माणदेशात तो अण्णा असतो, धाराशिवकडे आबा. आपण नानाच म्हणू. एखाद्या अहवालात ‘स्थानिक ग्रामस्थांचा उत्स्फूर्त सहभाग लाभला’ असं वाचलंत, तर खुशाल समजा की त्या दिवशी नाना घरी होते.

नानांचा अनुभव दांडगा. १९७२ च्या दुष्काळात ते आईचं बोट धरून खडी फोडायच्या कामावर जात, म्हणजे सुकडी खायला जात. पुढे गावात जी योजना आली तिच्या समितीत नाना आले. पाणलोट समिती, वन व्यवस्थापन समिती, पाणीपुरवठा समिती, तंटामुक्ती, जलयुक्त शिवार, आणि २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून हवामान बदलाला तोंड देण्याचा मोठा प्रकल्प पाच हजारांवर गावांसाठी निघाला, तेव्हा ग्राम कृषी संजीवनी समिती. पैसे देणारे बदलत गेले. कधी जर्मन, कधी दिल्ली, कधी मुंबई, कधी वॉशिंग्टन. समितीच्या यादीतलं तिसरं नाव तेच राहिलं. पहिलं सरपंचाचं असतं, दुसरं महिला सदस्याचं (बैठकीला त्या नसतात, त्यांची सही असते) आणि तिसरं नानांचं.

नानांना पद नको असतं. सरपंच निवडणुकीत पडतो, नाना पडत नाहीत, कारण ते उभेच राहत नाहीत. त्यांची सगळी सत्ता एका शब्दात आहे. ग्रामसभेत ठराव वाचून पुरा व्हायच्या आत मागच्या खांबाला टेकलेले नाना हात वर करतात आणि म्हणतात, “अनुमोदन!” सूचक कोण हे ग्रामसेवक नंतर बघतो, अनुमोदकाची जागा तो घरूनच भरून आणतो.

बाहेरून पाहुणे आले की नाना हवामान बदलावर बोलतात, आणि एक सांगायला हवं, चांगलं बोलतात. “साहेब, पाऊस तेवढाच हाये, दिवस कमी झाले. पहिलं महिनाभर भिजायचं, आता दोन दिसांत भिजतंय आन् दोन महिने वाळतंय.” हवामानशास्त्रज्ञ हेच आलेख काढून सांगतात. नानांना हे वाक्य एके काळी बांधावर सुचलं असणार. आता ते पाठ झालंय. ‘भिजतंय’नंतर ते थांबतात, पाहुण्याला लिहून घ्यायला वेळ देतात, मग पुढे जातात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट सांगताना ते बोटांनी गार दाखवतात. पाहुणा तालुक्याचा असला तर गार लिंबाएवढी असते. दिल्लीचा असला की पेरूएवढी होते. परदेशी पाहुण्याच्या वेळी नाना दोन्ही हात वापरतात.

वॉटर कपच्या काळात त्यांचा खरा बहर होता. २०१६ साली वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई अशा तीन तालुक्यांत सुरू झालेली ती स्पर्धा आमच्या भागात पोचली, तेव्हा ऐन उन्हाळ्यात पहाटे गाव टिकाव-घमेली घेऊन डोंगराला लागायचं. लोक मनापासून राबले, यात खोट काढायची नाही. मातीची घमेली हातोहात खाली द्यायला माणसांची रांग लागे. त्या रांगेत नेमकी कुठली जागा कॅमेऱ्यात येते हे नानांना पहिल्याच दिवशी कळलं. नंतर ती जागा दुसऱ्या कुणी घेतली नाही.

हल्ली प्रकल्पाची सुरुवात गावनकाशाने होते. देवळापुढच्या फरशीवर गावकऱ्यांनी स्वतः आपल्या शिवाराचा नकाशा रांगोळीने काढायचा, म्हणजे गावाला योजना आपली वाटते, अशी पद्धत आहे. संस्थेची पोरं रंगांच्या पुड्या ठेवून बाजूला होतात. गावकरीही बाजूला होतात. मधे राहतात नाना. डोंगर हळदीने, ओढा निळीने, रस्ता गुलालाने, वस्ती पांढरी. पाऊण तासात नकाशा तयार, प्रमाणात सुद्धा. फक्त उत्तरेच्या अंगाला, जिथे नानांचं स्वतःचं रान, दोन बोअर आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आहे, तिथवर येता येता रांगोळी संपते.

त्या शेततळ्याविषयी दोन शब्द. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, वीस लाख लिटरच्या वर पाणी मावेल असं. पाहुण्यांना ते ‘पावसाचं अडवलेलं पाणी’ म्हणून दाखवलं जातं. पाऊस दसऱ्यालाच गेलेला असतो आणि तळं मकरसंक्रांतीला काठोकाठ असतं, याचं पाहुण्यांना नवल वाटत नाही.

इथवर वाचून नाना म्हणजे निव्वळ सोंग, असं कुणाला वाटेल. ते खरं नाही. त्यांच्यापाशी एक विद्या आहे आणि ती त्या पाच हजार गावांच्या कुठल्याही नकाशात सापडत नाही.

शिवारफेरीला एक तरुण अभियंता आला होता. हातात टॅब, टॅबवर उपग्रहाचा नकाशा, नकाशावर समपातळी रेषा. काम ‘माथा ते पायथा’ करायचं, म्हणजे आधी डोंगरमाथ्यावर धावतं पाणी थोपवायचं आणि मग खाली ओढ्यात यायचं. त्यासाठी उतारावर सलग समपातळी चर खणायचे, दोन फूट रुंद, फूटभर खोल. नानांनी ए-फ्रेम उभी केली. दोन बांबू, मधे आडवी काठी, वरून दोरीला टांगलेला दगड. दगडाची दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एका पातळीत. दोरी स्थिरावली. टॅबही तेच म्हणत होता. अभियंत्याने फक्कीची रेघ मारायला सांगितली.

“इथून नाही जायची,” नाना म्हणाले.

“का? पातळी बरोबर आहे.”

“पातळी बरोबर हाये. भाऊ बरोबर नाहीत.”

वरचं रान थोरल्याचं, खालचं धाकट्याचं. मधल्या बांधावर एक बाभूळ. बाभळीवरून तालुक्याच्या कोर्टात दावा, आणि दावा सुरू झाल्यापासून थोरला धाकट्याच्या दारचा चहा घेत नाही. त्या बांधाला कुदळ लावणारा कुणीही असो, त्याच्यावर दोन्ही भाऊ एक होऊन धावतील. भावकीत एकी होते ती अशाच वेळी. अभियंता टॅबकडे बघत राहिला. टॅबमध्ये बाभूळ होती, हिरवा ठिपका म्हणून.

शहरातून येणारे अभ्यासक ‘पारंपरिक ज्ञान’ शोधत असतात. कावळ्याने घरटं किती उंचीवर बांधलं, मुंग्यांनी अंडी कधी हलवली. मागितलं तर नाना तेही पुरवतात, पिशवीत तयारच असतं. पण माझ्या मते गावाचं खरं ज्ञान भांडणांचं असतं. कुणाची वाट कुणी अडवली, कुठल्या वाटणीत कुणाला खडकाळ रान गेलं, कुठला गट नंबर सात-बाऱ्यावर एकाचा आणि नांगराखाली दुसऱ्याचा. पाणलोटाची कामं अडतात ती मुरमावर क्वचित, बांधावर हमखास.

संध्याकाळी नाना थोरल्याच्या ओसरीवर जाऊन बसले. तासभर पाण्याचा विषय नाही. बैलाच्या खुराला काय झालं, कर्जतला दिलेली लेक बाळंतपणाला कधी येतेय, कांद्याला काय भाव निघाला. तंबाखू मळून झाली, चुन्याची डबी इकडून तिकडे गेली. मग नाना सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, “दादा, चर तुमच्या अंगाला खोदायचा आन् माती खालच्या अंगाला टाकायची. पाणी तुमच्या रानात थांबणार. त्याच्यात नुसता मातीचा ढीग.” थोरल्याने मान डोलावली. ढीग धाकट्याच्या रानात पडणार, ही गोष्ट त्याला पाण्याहून गोड लागली असावी. रात्री जेवणं झाल्यावर नाना धाकट्याकडे. “खड्डा सगळा त्याच्या रानात. माती तुझ्या पदरात.” धाकट्याने त्याच बैठकीला सही केली.

दोघांना सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. वर मुरलेलं पाणी खालच्या विहिरीला उतरतं, हे नानांनी थोरल्याला सांगितलं नाही. भूजलशास्त्र गरजेपुरतं सांगायचं असतं. अहवालात या सगळ्या संध्याकाळचं एक वाक्य झालं: ‘जनजागृतीद्वारे शेतकऱ्यांची संमती प्राप्त करण्यात आली.’

गायरानाचं प्रकरण याहून अवघड होतं. हिवरे बाजारला नाना इतक्या अभ्यास दौऱ्यांत जाऊन आलेत की तिथली कुत्रीही आता त्यांच्यावर भुंकत नाहीत. तिथली पंचसूत्री त्यांना तोंडपाठ: नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, श्रमदान. तिथे दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून मगच पिकं ठरवतात, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई आहे, हेही ते सांगतात. फक्त बोअरशी आले की त्यांना खोकला येतो. आपल्या गावात त्यांनी त्यातली चराईबंदी उचलली. ती उचलायला सोपी, कारण गायरानावर ज्यांच्या शेळ्या चरत त्यांना जमीन नव्हती आणि ग्रामसभेत त्यांना कुणी पुढे बसायला सांगत नसे.

शेळ्यांवाल्या आक्कांची समजूत काढायला नानाच गेले. “आक्का, तीन वर्षं कळ काढा. गवत कमरेला लागंल. कापून न्या, चारा घरपोच.” आक्कांनी कळ काढली. म्हणजे काय केलं, तर निम्म्या शेळ्या बाजारात विकल्या. गवत खरंच वाढलं. उतारावरची धूप थांबली, पहिला मोठा पाऊस गढूळ न होता ओढ्यात आला. या गोष्टी मी स्वतः पाहिल्या आहेत आणि त्या आक्कांच्या शेळ्यांच्या किमतीत झाल्या आहेत. मुरलेलं पाणी ज्याची विहीर त्याला लागतं. आक्कांना विहीर नव्हती.

मग आली पाण्याच्या ताळेबंदाची ग्रामसभा. कृषी सहायकाने फळ्यावर हिशेब मांडला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी होतं. गाव हजार हेक्टरचं, पाऊस ४०० मिलिमीटर, म्हणजे ४०० कोटी लिटर. आकडा ऐकून टाळ्या पडल्या. मग वजाबाकी सुरू झाली: वाहून गेलं ते, वाफ झालं ते, खरिपाने प्यायलं ते, माणसांचं, जनावरांचं. उसाला हेक्टरी दोन कोटी लिटर लागतात म्हटल्यावर मागच्या दोघातिघांनी टोप्या सारख्या केल्या. शेवटी रब्बीच्या नावाने तूट निघाली.

त्या दिवशी मुंबईहून पाहुणे होते. नाना त्यांना चहा देत, कोपऱ्यात, हलक्या आवाजात, लोकसहभागाचं महत्त्व सांगत होते.

आक्का उभ्या राहिल्या. “यात तळं कुठं धरलंय?”

“कुठलं तळं?” कृषी सहायकाने विचारलं, तसं त्याला माहीत होतं.

“उत्तरंचं. बोअरनं भरतंय ते. माज्या शेळ्यांना डोंगर बंद केला ना गावानं? मग बोअरचं पाणी तळ्यात सोडायचं बी बंद करा. लिव्हा ठराव.”

बचत गटाच्या बाया एकदम बोलू लागल्या. सह्यांपुरत्या असलेल्या महिला सदस्य त्या दिवशी सबंध आल्या होत्या. सरपंचांनी घाम पुसला आणि ग्रामसेवकाला खूण केली. ग्रामसेवक नेहमीच्या सुरात वाचू लागला, “सर्वानुमते ठरविण्यात येते की, भूगर्भातील पाणी उपसून शेततळी भरण्यास...” नानांच्या कानावर सूर पडला, शब्द पडले नाहीत. हातात किटली होती ती त्यांनी डाव्या हातात घेतली आणि उजवा वर केला.

“अनुमोदन!”

सभा एवढी हसली की पाहुण्यांना वाटलं, ही इथली प्रथा असावी.

नानांनी हार मानली असं समजू नका. पुढच्याच आठवड्यात ते नव्या पाहुण्यांना कोरडं तळं दाखवत होते. “सुरुवात स्वतःपासून केली, साहेब. सबंध तालुक्यात असं रिकामं तळं दाखवा.” फोटो निघाले. बोअर मात्र चालूच आहे. रात्री थ्री फेज आली की पाणी थेट कांद्याला जातं, तळ्यात थेंब नाही. ठरावात तळं लिहिलं होतं, कांदा लिहिला नव्हता.

ही पळवाट गावात सगळ्यात आधी आक्कांना कळली, कारण शेळ्यांमागे रात्री उठणाऱ्या त्याच. पण ग्रामसभेपुढे विषय आणायचा तर लेखी अर्ज लागतो, आणि गावात अर्ज लिहून देणारा माणूस एकच. आक्का त्याच्याच ओसरीवर जाऊन बसल्या. नानांनी चष्मा लावला, चालणारं पेन काढलं आणि ‘विषय: रात्रीचा बेकायदा उपसा’ असा सुरेख मथळा घातला. अर्जदार समोर बसला की नानांना आपण कोण याचा विसर पडतो; उलट तिसऱ्या मुद्द्यात त्यांनी ताळेबंदाच्या सभेची तारीख आपणहून घातली. “तारीख पायजे आक्का, नायतर वर टिकत नाय.”

मग त्यांनी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. “नाना, कांदा राह्यला.”

नानांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि ‘उपसा’च्या पुढे कंसात ‘कांदा’ लिहिलं.