तेरा ऑक्टोबरची नात

— माई, कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या घेतेय हो. आणि पेढे कुठायत? नात झाली म्हणे!

— झाली बाई काल पहाटे, नाशिकला. दोघी सुखरूप आहेत. पेढे आणायला ह्यांना पाठवलंय, तर तोंड पाडूनच गेले. म्हणे, तेरा ऑक्टोबर! हीच तारीख मिळाली का पोरीला? किशोरकुमार गेला त्या दिवशी.

— अहो, म्हणून काय पेढे नाही वाटायचे?

— तू ह्यांना ओळखत नाहीस. १९८७ साली घरात सुतक असल्यासारखे बसले होते. आता म्हणतात, दर वर्षी नातीचा केक कापायचा की रेडिओ लावून डोळे पुसायचे?

— हाच प्रश्न अशोककुमारला पडला होता की! त्याचा जन्मच तेरा ऑक्टोबरचा. १९११, भागलपूर. ७६ पूर्ण झाली त्या मंगळवारी, आणि त्याच दिवशी धाकटा भाऊ ५८ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. दादामुनी पुढे १४ वर्षं होते, पण वाढदिवस म्हणून काही केलाच नाही म्हणतात.

— अगं आई गं! हे मला ठाऊकच नव्हतं.

— आणि आदल्या दिवशी, १२ तारखेला, किशोर आशाबाईंबरोबर गाणं रेकॉर्ड करून आलेला. ‘वक्त की आवाज’चं, संगीत बप्पी लाहिरीचं. गाणं कसलं, नुसता धिंगाणा. आपल्या मराठीतलं ‘अश्विनी ये ना’ही त्याच वर्षातलं. ‘गंमत जंमत’मधलं.

— ते आमच्या धाकट्याच्या लग्नात वाजलं होतं. नवरीचं नाव अश्विनी नव्हतं तरी. पण काही म्हण, गेला मुंबईत आणि न्यायला लावलं खंडव्याला. हे गार्ड होते ना, भुसावळ सुटलं की बऱ्हाणपूर, मग खंडवा. तिथे गाडी थांबली की ह्यांचा हात आपोआप टोपीकडे जायचा.

— त्याच्या समाधीवर अजून दूध-जिलबी ठेवतात लोक. त्याला आवडायची म्हणून. मध्य प्रदेश सरकारचा त्याच्या नावाचा पुरस्कारही तिथेच देतात. पण माई, खरं सांगू का? ह्या तारखेला सगळे किशोरसाठी रडतात, दादामुनीला कुणी विचारत नाही. गाण्यातसुद्धा आधी तोच होता!

— अशोककुमार? अगं, तो आपला सिगारेट हातात धरून गंभीर बोलणारा. तो कधी गायला?

— गायला म्हणजे काय, तेव्हा गाता येवो न येवो, गावंच लागायचं. ‘अछूत कन्या’मध्ये देविकाराणीबरोबर ‘मैं बन की चिड़िया’ त्याच्याच आवाजात आहे. १९३६ चं. संगीत सरस्वतीदेवीचं. ती मुळात पारशी, नाव खुर्शीद. पारशी समाजात बोंब झाली, आपली मुलगी सिनेमात कशी, म्हणून नाव बदललं.

— बघ, तेव्हाही तेच.

— आणि तो हिरो कसा झाला, ते तर ऐकाच. बॉम्बे टॉकीजच्या लॅबोरेटरीत काम करत होता बिचारा. कंपनीचे मालक हिमांशु राय, त्यांची बायको देविकाराणी. ‘जीवन नैया’चं चाललं होतं, हिरो नजमुल हसन. तर हिरो आणि मालकीणबाई...

— काय?

— पळून गेले!

— काय सांगतेस! आणि परत?

— ती आली. समजूत घालून आणली. नजमुलला मात्र बाहेरचा रस्ता. मग हिरो कुठून आणायचा, तर लॅबमधला हा पोरगा उभा केला. दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन, जर्मन माणूस.

— नवऱ्याने ठेवून घेतली पुन्हा? मोठंच मन म्हणायचं. का मग कंपनी बुडली असती म्हणून?

— ते तुम्हीच ठरवा. पण त्या ‘जीवन नैया’तलं दादामुनीचं ‘कोई हमदम न रहा’, तेच पंचवीस वर्षांनी ‘झुमरू’त किशोर गायला. आता लोकांना किशोरचंच माहीत. थोरल्याचं गाणं धाकट्याने नेलं आणि थोरल्याची तारीखही नेली. मला राग येतो कधीकधी.

— रागवू नकोस गं. आमच्या पोरांना ‘रेलगाडी’ कुणाची विचार, अशोककुमारचीच सांगतील. रेल्वे क्वार्टर्समधली सगळी पोरं एकमेकांचे शर्ट धरून पळायची ते म्हणत.

— ‘आशीर्वाद’चं. आणि त्याला संगीत कुणाचं? आपल्या वसंत देसाईंचं! किती मराठी माणसांना माहीत आहे? त्या सिनेमासाठी दादामुनीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९६८ चा. म्हातारपणी नाही हो, ऐन ५७ व्या वर्षी.

— ५७ म्हणजे म्हातारपण नाही, हे बरं सांगितलंस. आता किशोरचं काहीतरी सांग, हे आले की त्यांना ऐकवते. पण चांगलं सांग. चार लग्नांचं नको.

— लताबाईंचं सांगा. तेव्हा दोघंही नवे. लताबाई लोकलने मालाडला निघाल्या, बॉम्बे टॉकीजमध्ये. डब्यात एक माणूस चढला, कुर्ता-पायजमा, गळ्यात मफलर, हातात काठी. मालाडला ह्या उतरल्या, तो उतरला. ह्या टांग्यात बसल्या, तर त्याचा टांगा मागे. स्टुडिओच्या दारातही तो हजर! लताबाई घाबऱ्याघुबऱ्या खेमचंद प्रकाशांकडे, हा माणूस माझ्या पाठी लागलाय. ते हसायला लागले. म्हणाले, हा आपल्या अशोककुमारचा भाऊ.

— हे घरात सांगते मी. ह्यांना काठी वगैरे आवडेल.

— आणि १९७६ चंही सांगा. आणीबाणीत सरकारच्या कार्यक्रमात गायला नाही म्हणाला, तर त्याची गाणीच आकाशवाणीवरून बंद. पैशासाठी हटून बसणारा म्हणून बदनाम, पण सत्यजित रायनी ‘चारुलता’साठी रवींद्रनाथांचं गाणं गायला लावलं, त्याचे म्हणे पैसेच घेतले नाहीत.

— म्हणे?

— म्हणे. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नाही. पण माई, तारीख फक्त मरणाची नाही हो. नुसरत फतेह अली खान तेरा ऑक्टोबरचा, १९४८. घराणं जालंधरचं, फाळणीत लायलपूरला गेलेलं. बापाला वाटे, पोराने कव्वाली करू नये, डॉक्टर व्हावं! ऋषी कपूरच्या लग्नात राज कपूरने त्याला मुंबईत बोलावून गायला बसवलं होतं. पुढे त्याच्या चाली आपल्या लोकांनी बिनदिक्कत उचलल्या. ‘मोहरा’तलं ‘मस्त मस्त’ त्याच्याच कव्वालीवरून.

— तो जाडा? गोड गायचा. मग ही तारीख बरी आहे म्हणायची.

— पॉल सायमनसुद्धा ह्याच तारखेचा, अमेरिकेतला. आणि बीटल्स, ते हृषीकेशला आलेले चौघं...

— केसवाले.

— तेच. १९६३ च्या तेरा ऑक्टोबरला लंडन पॅलेडियमला गायले. टीव्हीवर दीड कोटी लोकांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात, बाहेर पोरींचा महापूर, पोलीस हतबल. आणि तिथे हजर असलेला फोटोग्राफर नंतर सांगतो, दंगा कसला, आठ पोरी होत्या. त्याही कमीच!

— आठाचे आठशे व्हायला पेपर कशाला लागतो? आपली गल्ली पुरते.

— आणि अलीकडचं, २०१६. बॉब डिलनला साहित्याचं नोबेल जाहीर झालं ते तेरा ऑक्टोबरलाच. गाणी लिहिणारा माणूस! साहित्यिक लोक केवढे चिडले. १९१३ ला रवींद्रनाथांना मिळालं तेव्हा तेही गाणी लिहीतच होते की. तर स्वीडनवाले ह्याला फोन लावतायत, लावतायत, हा उचलतच नाही. शेवटी त्यांनी नाद सोडला. दोन आठवड्यांनी पठ्ठ्या बोलला. डिसेंबरच्या समारंभाला गेलाच नाही. त्याच्या ऐवजी पॅटी स्मिथ गायली, मध्येच शब्द विसरली, माफी मागून पुन्हा सुरू केलं.

— नोबेल मिळालं आणि फोन उचलत नाही? अगं, आमच्या धाकट्या नणंदेचे यजमान अस्सेच. बढतीचं पत्र आलं, तर महिनाभर कपाटात. आणि का, माहीत आहे?

— का?

— जरा जवळ ये. पलीकडच्या बंगल्यात त्यांची मावसबहीण राहायला आलीय.